पहिला खेळ घरातच

‘संत तुकाराम’ पहिल्यांदा थिएटरच्या पडद्यावर पाहिला, असं सांगणारं माणूस आज शोधावं लागतं. ‘कुंकू’, ‘श्यामची आई’, ‘प्यासा’, ‘पथेर पांचाली’, ‘बायसिकल थीव्ह्ज’ यांचंही तसंच. साठीच्या आतल्या मराठी प्रेक्षकाने हे चित्रपट पाहिले असतील तर बहुधा घरातच: कधी दूरदर्शनवर, कधी भाड्याने आणलेल्या कॅसेटवर, पुढे लॅपटॉपवर, आणि आता भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीवर किंवा हातातल्या फोनवर. अभिजात चित्रपटाचा पहिला खेळ घरात होणं हा आता अपवाद राहिलेला नाही.

यावरची चर्चा मात्र अजून एकाच मुद्द्याभोवती फिरते. सिनेमा थिएटरातच पाहावा, की घरी चालेल? बहुतेकांसाठी हा वाद परिस्थितीनेच मिटवून टाकला आहे. नांदेडला किंवा न्यू जर्सीला राहणाऱ्या माणसाने ठरवलं, तरी ‘कुंकू’ थिएटरात पाहण्याची सोय त्याला सहसा मिळणार नाही. खरा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. घरी पाहताना तो चित्रपट आपल्याला कितपत मिळतो, आणि पुरता मिळावा म्हणून काय करावं लागतं?

थिएटरात ही जबाबदारी वाटलेली असायची. वितरक प्रिंट पुरवायचा, ऑपरेटर ती नीट दाखवायचा, आणि प्रेक्षकाने फक्त पाहायचं. घरात ही तिन्ही कामं एकाच माणसाकडे येतात. घर ही अभिजात चित्रपट पाहण्याची दुय्यम जागा आहे असं मी मानत नाही. पण तिथे प्रेक्षकाला वितरकाचं आणि ऑपरेटरचं काम थोडंफार शिकून घ्यावंच लागतं. ते न करता पाहिलेला चित्रपट अनेकदा कंटाळवाणा वाटतो आणि दोष मात्र चित्रपटाच्या माथी जातो.

मॅटिनीपासून मोबाइलपर्यंत

जुना चित्रपट पाहायला मिळणं ही पूर्वी योगायोगाची गोष्ट होती. थिएटरवाले सकाळच्या किंवा दुपारच्या मॅटिनीला कमी दरात जुनी प्रिंट लावत. ती चुकली की पुन्हा केव्हा येईल याचा भरवसा नसे. परदेशी चित्रपटांची गोष्ट आणखी अवघड होती. जानेवारी १९५२ मध्ये मुंबईत भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला आणि व्हित्तोरिओ दे सिकांचा ‘बायसिकल थीव्ह्ज’ इथल्या चित्रपटकारांना पाहता आला. पुढच्याच वर्षी आलेल्या बिमल रॉय यांच्या ‘दो बीघा जमीन’वर त्या दर्शनाची छाप आहे. सत्यजित राय यांनी तो चित्रपट दोन वर्षं आधी, लंडनच्या मुक्कामात पाहिला होता, आणि आपला पहिला चित्रपट, ‘पथेर पांचाली’, कसा असावा हे त्यांना तिथे उमगलं. एका चित्रपटाचं एकदाच घडलेलं दर्शन किती दूर पोहोचू शकतं, याची ही दोन उदाहरणं आहेत.

ही टंचाई फिल्म सोसायट्यांनी काहीशी कमी केली. १९५९ मध्ये त्यांचा देशव्यापी संघ स्थापन झाला, १९६८ मध्ये मुंबईत प्रभात चित्र मंडळ सुरू झालं. १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभं राहिलं आणि तिथे पी. के. नायर यांनी आयुष्य वेचून चित्रपट गोळा केले. पण या सगळ्याचा लाभ शहरातल्या मोजक्या रसिकांपुरता राहिला.

घराचं दार उघडलं ते २ ऑक्टोबर १९७२ रोजी, मुंबई दूरदर्शन सुरू झाल्यावर. शनिवारी मराठी आणि रविवारी हिंदी चित्रपट हा आठवड्याचा क्रम झाला. ज्या बायकांना घरकामातून थिएटर गाठता येत नव्हतं, ज्या म्हाताऱ्यांना जिने चढवत नव्हते, ज्या मुलांना तिकिटाचे पैसे मिळत नव्हते, ते सगळे एका वेळी प्रेक्षक झाले. चाळीत एकाच्या घरी संच असला की मजलाभर माणसं दाराशी जमत. ‘संत तुकाराम’ आणि ‘कुंकू’ काढणारी प्रभात कंपनी बंद पडल्यानंतर जन्मलेल्या मुलांना त्या चित्रपटांतले विष्णुपंत पागनीस आणि शांता आपटे माहीत झाले ते अशा संध्याकाळी. पुढे राष्ट्रीय वाहिनीवर रविवारी दुपारी प्रादेशिक चित्रपट उपशीर्षकांसह लागू लागले. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांनी बंगाली, मल्याळम, कन्नड चित्रपट पहिल्यांदा पाहिले ते त्या दुपारी.

त्यानंतर व्हिडिओ कॅसेट आली, मग व्हीसीडी, डीव्हीडी, उपग्रह वाहिन्या आणि शेवटी इंटरनेट. प्रत्येक टप्प्यावर चित्रपट अधिक सहज मिळू लागले. चित्राचा दर्जा मात्र त्याच क्रमाने वाढत गेला नाही. व्हीसीडीवरचं चित्र ३५२ गुणिले २८८ बिंदूंचं असायचं, डीव्हीडीवरचं ७२० गुणिले ५७६ बिंदूंचं. आजचा ‘फोर-के’ टीव्ही ३८४० गुणिले २१६० बिंदू दाखवतो. त्या टीव्हीवर व्हीसीडीवरून उतरवलेली फाइल लावली की ‘श्यामची आई’मधले चेहरे पुसट डागांसारखे दिसतात.

घर अभिजात चित्रपट नुसते दाखवत नाही, कधी कधी ते घडवतंही. फ्रँक काप्रा यांचा ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ १९४६ मध्ये आला तेव्हा तिकीटबारीवर निराशाच झाली. १९७४ मध्ये त्याच्या हक्कांचं नूतनीकरण राहून गेलं आणि अमेरिकेतल्या टीव्ही केंद्रांनी तो नाताळात वारंवार दाखवायला सुरुवात केली. थिएटराने नाकारलेला चित्रपट घराघरांत पाहून पाहून एका देशाचा आवडता झाला. घरी पाहणं म्हणजे उणं पाहणं, असं सरसकट म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात घ्यावी.

आधी प्रिंट

पहिलं काम वितरकाचं: प्रत मिळवणं. इथे भारतीय प्रेक्षकाची स्थिती मुळातच अवघड आहे, कारण पाहायला हवेत असे कितीतरी चित्रपट उरलेलेच नाहीत. पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’ (१९३१) कुठेही शिल्लक नाही. बाबूराव पेंटर यांचा १९२५ चा ‘सावकारी पाश’ गेला. त्यात तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत व्ही. शांताराम होते. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ अपुरा उरला आहे. देशात तयार झालेल्या हजाराहून अधिक मूकपटांपैकी मोजकेच हाती लागतात. त्या काळची नायट्रेट फिल्म झटकन पेट घेई, दमट हवेत विरघळे, आणि चालून झालेली रिळं त्यातल्या चांदीसाठी विकली जात. २००३ मध्ये पुण्यात अशाच जुन्या नायट्रेट रिळांच्या साठ्याला आग लागली आणि उरल्यातलंही बरंच गेलं. म्हणून फाळक्यांचा ‘कालिया मर्दन’ (१९१९) घरी लावला आणि त्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी कृष्णाच्या रूपात समोर आली, तर ती फार मोठी मिळकत आहे.

जे चित्रपट उरले, त्यांचीही एकच एक प्रत नसते. कॅमेऱ्यातून निघालेली मूळ निगेटिव्ह, तिच्यावरून काढलेली प्रिंट, त्या प्रिंटवरून टीव्हीसाठी केलेली टेप, टेपवरून व्हीसीडी, व्हीसीडीवरून इंटरनेटवरची फाइल. प्रत्येक पायरीवर थोडा तपशील गळतो. आपल्याकडे त्यावर व्हिडिओ कंपनीचं चिन्ह कोपऱ्यात कायमचं चिकटवलं गेलं आणि वेळ वाचवायला गाणी कापली गेली. ज्या चित्रपटात कथा गाण्यातून पुढे सरकते तिथे हे कापणं थेट कथेवर घाव घालतं.

चांगली प्रत काय देऊ शकते याचा सर्वांत मोठा दाखला ‘पथेर पांचाली’पासून सुरू होणाऱ्या राय यांच्या अपू-त्रयीचा आहे. १९९३ मध्ये लंडनच्या एका प्रयोगशाळेला आग लागली आणि या तिन्ही चित्रपटांच्या मूळ निगेटिव्ह होरपळल्या. त्या टाकून न देता जपून ठेवल्या गेल्या. इटलीत बोलोन्याच्या तंत्रज्ञांनी ती ठिसूळ, वाकडी झालेली फिल्म हळूहळू पुन्हा लवचीक केली, फिल्मच्या कडेची तुटलेली छिद्रं हाताने दुरुस्त केली आणि चौकटीमागून चौकट स्कॅन केली. ‘पथेर पांचाली’चा सुमारे ४० टक्के आणि ‘अपराजितो’चा ६० टक्क्यांहून अधिक भाग थेट जळक्या निगेटिव्हमधून परत मिळाला. बाकीचा भाग इतर प्रतींवरून घेतला गेला. २०१५ मध्ये ही प्रत लोकांसमोर आली. दूरदर्शनवर ज्यांनी ‘पथेर पांचाली’ पाहिला होता, त्यांना पावसात भिजणाऱ्या अपूच्या बहिणीच्या, दुर्गेच्या केसांतलं पाणी या प्रतीत पहिल्यांदा दिसलं असेल.

अलीकडे असं काम भारतातही वाढलं आहे. शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांनी २०१४ मध्ये स्थापन केलेल्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनने श्याम बेनेगल यांचा ‘मंथन’ (१९७६) पुन्हा उभा केला. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन काढलेला, विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिलेला, स्मिता पाटील यांचा हा चित्रपट २०२४ मध्ये कान महोत्सवात आणि नंतर देशातल्या थिएटरांत दाखवला गेला. २०२५ मध्ये बोलोन्यात ‘शोले’ मूळ शेवटासह झळकला. १९७५ मध्ये सेन्सॉरच्या आग्रहामुळे ठाकूरच्या हातून होणारा गब्बरचा अंत बदलावा लागला होता.

एखादा चित्रपट पाहिला म्हणताना त्याची कोणती आवृत्ती पाहिली, हे त्यामुळेच महत्त्वाचं ठरतं. फ्रिट्झ लांग यांचा ‘मेट्रोपोलिस’ (१९२७) कित्येक दशकं कापलेल्या अवस्थेतच जगाला माहीत होता. २००८ मध्ये ब्युनोस आयर्सला एक जवळपास पूर्ण प्रत सापडली आणि २०१० मध्ये सुमारे पंचवीस मिनिटांचा हरवलेला भाग जोडला गेला. त्याआधीच्या पाहणाऱ्यांना काही पात्रं कशासाठी आहेत हेच कळत नसे. इंटरनेटवर आजही दोन्ही आवृत्त्या सापडतात.

इतक्या वेगवेगळ्या प्रती मोकळ्या फिरण्यामागे कायद्याचंही एक कारण आहे. भारतात चित्रपटावरचा हक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. प्रभातचा सगळा सुवर्णकाळ आणि ‘श्यामची आई’ आज त्या मुदतीबाहेर आहेत. कोणीही ते दाखवू शकतं, ही आनंदाची गोष्ट. पण त्यामुळे चांगल्या प्रतीवर पैसे खर्च करण्याचं बंधन कोणावर उरत नाही, आणि शोधात सर्वांत वर येणारी प्रत सर्वांत चांगली असतेच असं नाही. पहिल्यांदा पाहणाऱ्याने दहा मिनिटं द्यावीत. एकाच चित्रपटाच्या दोन-तीन प्रती उघडून पाहाव्यात, लांबी ताडून पाहावी, गाणी शाबूत आहेत का बघावं, पुनरुज्जीवित प्रत कुठे पैसे देऊन मिळत असेल तर ती घ्यावी. रंगवलेल्या आवृत्त्या पहिल्या भेटीला टाळाव्यात. ‘मुगल-ए-आझम’ (१९६०) २००४ मध्ये पूर्ण रंगीत करून आणला गेला. मूळ चित्रपटात कृष्णधवल चालत असताना मध्येच शीशमहल रंगांत उजळतो, आणि तो धक्काच त्या प्रसंगाचा प्राण आहे. सगळंच रंगीत झालं की तो हातून जातो.

चौकट, वेग, आवाज

दुसरं काम ऑपरेटरचं. १९५० च्या दशकापर्यंतचे बहुतेक चित्रपट जवळपास चौकोनी चौकटीचे आहेत: रुंदी उंचीच्या १.३७ पट. आजचा टीव्ही १.७८ पट रुंद असतो. जुना चित्रपट त्यावर नीट दाखवला तर डावी-उजवीकडे काळे पट्टे राहतात. पट्टे खटकतात म्हणून चित्र ताणलं की माणसं बुटकी आणि रुंद होतात. चित्र मोठं करून पडदा भरला तर वरखालचा मिळून जवळजवळ पाव भाग कापला जातो, आणि बारकाईने बांधलेल्या दृश्यात कपाळं आणि हात नाहीसे होतात. काळे पट्टे राहू द्यावेत. मूळ चित्र तेवढंच आहे.

रुंद पडद्याच्या चित्रपटांचं दुखणं याच्या उलट होतं. गुरुदत्त यांचा ‘कागज के फूल’ (१९५९) हा भारतातला पहिला सिनेमास्कोप चित्रपट. छायालेखक व्ही. के. मूर्ती यांनी रिकाम्या स्टुडिओत वरून उतरणारा प्रकाशाचा झोत आणि त्याच्या दोन बाजूंना दूरदूर उभी माणसं अशी रचना त्या रुंदीच्या भरवशावर केली. जुन्या टीव्हीच्या चौकोनी पडद्यावर ती बसवताना दोन्ही बाजू छाटल्या, तर चाळीस टक्क्यांहून अधिक चित्र नाहीसं होई. दोन माणसांमधलं अंतर हाच प्रसंगाचा विषय असताना एकच माणूस दिसायचा. या चित्रपटाला कंटाळलेल्या अनेकांनी तो मुळात पाहिलाच नव्हता, असं मला ठामपणे वाटतं.

वेगाचंही तसंच. बोलपट सेकंदाला २४ चौकटी चालतो. मूकपट हाताने फिरवलेल्या कॅमेऱ्यावर त्याहून कमी वेगाने चित्रित होत. ते २४ ने चालवले की माणसं तुरुतुरु पळतात, आणि आपण समजतो की मूकपट असेच असतात. दूरदर्शनच्या पद्धतीत सेकंदाला २५ चौकटी लागत, म्हणून दोन तासांचा चित्रपट जवळजवळ पाच मिनिटं आधी संपे आणि गाण्याचा स्वर किंचित चढे. तयार कानाला तो फरक कळतो. नव्या टीव्हीत याहून मोठा घोटाळा कारखान्यातूनच चालू होऊन येतो. संच दोन चौकटींच्या मध्ये स्वतःच्या मनाने नवी चित्रं घालून हालचाल गुळगुळीत करतो. क्रिकेटला ते बरं दिसतं, पण ‘सामना’ किंवा ‘सिंहासन’ त्यामुळे रोजच्या मालिकेसारखे दिसू लागतात. सेटिंगमध्ये जाऊन हे बंद करावं. बऱ्याच संचांत चित्रपटांसाठी वेगळा मोड दिलेला असतो, तो लावला तरी काम भागतं.

आवाजाकडे घरात सर्वांत कमी लक्ष जातं. व्ही. शांताराम यांच्या ‘कुंकू’त (१९३७) पार्श्वसंगीत नाही. घड्याळ, पावलं, भांडी, दार असे घरातले आवाजच तिथे संगीताचं काम करतात. म्हाताऱ्या विधुराशी फसवून लग्न लावून दिलेल्या नीरेची घुसमट आपल्यापर्यंत पोहोचते ती या आवाजांतून. टीव्हीच्या पाठीमागचे बारीक स्पीकर, चालू पंखा आणि स्वयंपाकघरातला मिक्सर यांत तो चित्रपट अर्धा बुडतो. साधे हेडफोन लावले तरी केवढा फरक पडतो!

अंधार, सोबत आणि थांबवण्याचं बटण

थिएटरच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं खोटं नाही. थिएटरात चित्र आपल्यापेक्षा मोठं असतं आणि वेळ आपल्या हाती नसते. अनोळखी माणसांचं हसणं, दबलेला हुंदका, शिट्टी यांनी चित्रपट पुरा होतो. अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) पुण्याच्या विजयानंदमध्ये १३१ आठवडे चालला. लावणीच्या ठेक्यावर दाद देणारा भरगच्च प्रेक्षक त्या चित्रपटाच्या हिशेबातच धरलेला होता. एकट्याने फोनवर पाहताना ती जागा रिकामी राहते.

घराची बाजूही तितकीच भक्कम आहे. न कळलेला संवाद मागे जाऊन ऐकता येतो. उपशीर्षकं वाचताना निसटलेलं चित्र पुन्हा पाहता येतं. तोच चित्रपट आठवड्याने परत पाहता येतो. व्हिडिओ येण्याआधी भल्याभल्या समीक्षकांना एका-दोन दर्शनांच्या स्मृतीवर लिहावं लागे. आजच्या कोणत्याही विद्यार्थ्याला एखादा प्रसंग दहा वेळा पाहता येतो. शिवाय सोबत आजी-आजोबा असले तर पडद्यावरचा जातं, बंब, कंदील यांचा काळ कोणीतरी जगलेला असतो, आणि त्यांची टिप्पणी कुठल्याही पुस्तकात सापडत नाही.

थांबवण्याचं बटण मात्र पहिल्या भेटीत जपून वापरावं. दर दहा मिनिटांनी थांबलेल्या चित्रपटाला चढ-उतार राहत नाहीत. ओझूंचा ‘टोकियो स्टोरी’ (१९५३) तुकड्यांत पाहिला तर त्यात काहीच घडत नाही असं वाटेल. सलग पाहिला तर आईवडिलांना मुलांच्या घरी जागा उरली नाही हे हळूहळू उलगडतं. लांबीची भीती वाटत असेल तर आपली मध्यंतराची पद्धत उपयोगी आहे. भारतीय चित्रपटांची बांधणीच मध्यंतर धरून केलेली असते. कुरोसावांच्या २०७ मिनिटांच्या ‘सेव्हन समुराई’तही (१९५४) दिग्दर्शकाने स्वतः विश्रांती ठेवली आहे. तिथे उठावं, एरवी नाही. फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा आणि दिवे मालवावेत. घरात थिएटरचा अंधार आणायला एवढं पुरतं.

पहिल्या वीस मिनिटांचा चढ

हे सगळं जमवलं तरी जुना चित्रपट सुरुवातीला परका वाटतो. बोलणं मोठं, हावभाव ठळक, गती संथ. यातला बराचसा परकेपणा परंपरेचा आहे. ‘कुंकू’तल्या केशवराव दात्यांसारखे नट रंगभूमीवरून आले होते, जिथे शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवावा लागे. गाणं म्हणजे कथेचा खोळंबा नव्हता, संगीत नाटकाच्या प्रेक्षकाला तोच कळस वाटे. पहिली वीस मिनिटं त्या चालीशी जुळवून घेण्यात जातात, हे आधीच धरून चालावं.

‘संत तुकाराम’ (१९३६) हे याचं उत्तम उदाहरण आहे. दामले-फत्तेलाल यांचा हा चित्रपट १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. आजच्या तरुणाला त्यातले चमत्कार आणि वैकुंठगमन बघून वाटतं, हे आपल्यासाठी नाही. त्याने नजर जिजाईवर ठेवावी. गौरी या नटीने उभी केलेली ही बाई शेण थापते, म्हैस राखते, नवऱ्यावर चिडते आणि मूल आजारी पडल्यावर थेट देवळात जाऊन देवालाच जाब विचारते. पागनिसांच्या शांत तुकोबांसमोर तिचा भुकेला, रोखठोक संसार उभा राहतो, आणि भक्तीची किंमत घरात कोण मोजतं हा प्रश्न चित्रपट स्वतःच विचारतो. हे ध्यानात आलं की चमत्कारही तिच्या डोळ्यांनी दिसू लागतात.

दुसरी अडचण कीर्तीची. ‘सामना’मधला ‘मारुती कांबळेचं काय झालं?’ हा प्रश्न चित्रपट न पाहिलेल्यांनाही पाठ आहे. ‘जैत रे जैत’ची (१९७७) ना. धों. महानोरांची गाणी आपण चित्रपटाच्या कितीतरी आधी ऐकलेली असतात. ‘शोले’चे संवाद तर बोलण्यातच मुरले आहेत. असं आधी कळलेलं असणं बाधकच ठरतं असं नाही. हृदयनाथ मंगेशकरांच्या चाली रेडिओवर ऐकलेल्या माणसाला त्या ठाकरवाडीतल्या उन्हात, मोहन आगाशे आणि स्मिता पाटील यांच्या तोंडी ऐकताना त्यांचं मूळ गाव सापडतं. तरी पाहण्याआधी परीक्षणं वाचू नयेत, यूट्यूबवरची विश्लेषणं बघू नयेत. चित्रपट कोणत्या साली, कोणत्या परिस्थितीत आला, एवढं आधी माहीत असलं की पुरे. समीक्षा नंतर वाचावी, तेव्हा तिच्याशी वाद घालता येतो.

तिसरी अडचण मूल्यांची. जुन्या चित्रपटांत बाईला लगावलेली थप्पड विनोद म्हणून येते, जातीवरचे टोमणे सहज येतात, त्यागाचा भार ठरलेल्या खांद्यांवर पडतो. हे डोळ्यांआड करू नये आणि त्यापायी चित्रपट टाकूनही देऊ नये. मुलांबरोबर पाहत असाल तर संपल्यावर बोलावं. त्या काळातही ‘कुंकू’सारखा चित्रपट नवऱ्याचा हक्क नाकारणारी नायिका पडद्यावर आणत होता, हेही त्यांना कळू द्यावं.

कुठून सुरुवात करावी

जगातल्या श्रेष्ठ शंभर चित्रपटांच्या याद्या हाताशी असतात, पण यादी पहिल्यापासून खाली उतरवत जाणं हा अभ्यासक्रम होतो. त्या याद्याही स्थिर नसतात. ‘साइट अँड साउंड’ मासिकाच्या दर दहा वर्षांच्या कौलात १९५२ मध्ये ‘बायसिकल थीव्ह्ज’ पहिला होता, पुढे पाच वेळा ‘सिटिझन केन’, २०१२ मध्ये ‘व्हर्टिगो’, आणि २०२२ मध्ये शांताल आकेरमान यांचा ‘जान दिएलमान’.

त्यापेक्षा जोड्या लावून पाहणं अधिक फळतं. ‘बायसिकल थीव्ह्ज’ आणि ‘दो बीघा जमीन’ एका आठवड्यात पाहावेत, म्हणजे रोममधली सायकल आणि कलकत्त्यातली रिक्षा समोरासमोर येतात. ‘कुंकू’ आणि जब्बार पटेलांचा ‘उंबरठा’ (१९८२) यांच्यात पंचेचाळीस वर्षांचं अंतर आहे, आणि घराबाहेर पाऊल टाकणाऱ्या बाईला काय मोजावं लागतं हा एकच विषय. ‘सामना’नंतर ‘सिंहासन’ (१९७९) पाहिला की साखर कारखान्याच्या गावातली सत्ता मंत्रालयापर्यंत कशी पोहोचते ते दिसतं.

पडद्याचा आकार बघूनही निवड करता येते. चेहरा आणि संवाद यांवर चालणारे चित्रपट घरी पुरते उतरतात: ‘श्यामची आई’, ‘सामना’, ‘उंबरठा’. ‘कागज के फूल’, ‘मुगल-ए-आझम’, ‘सेव्हन समुराई’ मात्र फोनवर पाहू नयेत. ते घरातल्या सर्वांत मोठ्या पडद्यासाठी राखून ठेवावेत. पुण्यातल्या संग्रहालयात, गोव्याच्या इफ्फी महोत्सवात किंवा एखाद्या फिल्म सोसायटीत ते लागले तर घरी पाहिले असूनही जावं. घर आणि थिएटर एकमेकांचे वैरी नाहीत. घरी पाहून आवडलेल्या चित्रपटासाठीच माणूस पुढे प्रवास करून थिएटर गाठतो.

अजून काय हवं

प्रेक्षकाने आपली तिन्ही कामं केली तरी काही गोष्टी त्याच्या हातात नाहीत. पुनरुज्जीवित झालेले चित्रपट महोत्सवांत दिसतात, त्यांच्या बातम्या येतात, आणि नंतर ते घरी कधी मिळतील याचा पत्ता नसतो. सार्वजनिक पैशातून पुनरुज्जीवन झालं असेल तर ती प्रत ठरावीक मुदतीत लोकांना घरी पाहता आली पाहिजे. दाखवणाऱ्या प्रत्येकाने प्रत कशावरून घेतली, लांबी किती, काय कापलं आहे, हे स्पष्ट लिहायला हवं. पुस्तकावर आवृत्ती छापतात, चित्रपटावर का नको?

उपशीर्षकांची गरज तर फार मोठी आहे. जगातले आणि इतर भारतीय भाषांतले अभिजात चित्रपट इंग्रजी उपशीर्षकांसह मिळतात, मराठी उपशीर्षकांसह क्वचितच. त्यामुळे ‘पथेर पांचाली’ गावातल्या ज्या माणसाला सर्वांत जवळचा वाटला असता, त्याच्यापर्यंत तो पोहोचत नाही. उलट, परदेशात वाढणाऱ्या मराठी मुलांना ‘श्यामची आई’ दाखवायचा तर नीट इंग्रजी उपशीर्षकं हवीत. मराठीचे अभ्यासक, विद्यापीठं आणि महाराष्ट्र मंडळं यांनी हे काम वाटून घेतलं तर काही वर्षांत पुरं होण्यासारखं आहे.

हे व्हावं म्हणून मागणी दिसली पाहिजे. धूसर, कापलेल्या, ताणलेल्या प्रती आपण निमूटपणे पाहत राहिलो, तर चांगली प्रत करायला कोणी पैसा घालणार नाही, आणि उरलेल्या निगेटिव्ह गोदामांत विरत राहतील. चांगली प्रत शोधणारा, तिच्यासाठी पैसे मोजणारा, नसेल तर मागणारा प्रेक्षक घराघरांत तयार झाला, तर जतनाच्या कामाला पाठबळ मिळेल. ‘आलम आरा’ आपल्याला आता पाहता येणार नाही. ‘कुंकू’ पुढच्या पिढीला कसा दिसेल, हे मात्र पुष्कळ अंशी आज आपण त्याची कोणती प्रत मागतो यावर ठरणार आहे.